स्पॅनिशच्या तासाला माटोळी चालेल का?

गोव्यात बार्देसमधल्या एका खाजगी शाळेतल्या टीचरचं पत्र आलंय. वय सव्वीस, नाव आणि गाव छापू नका म्हटलंय. तिने स्पॅनिश बी-वन लेव्हलपर्यंत, म्हणजे मधल्या पायरीपर्यंत केलंय आणि गेल्या वर्षापासून ती तिसरी-चौथीला आठवड्यातून दोन तास शिकवते, एकेक तास पस्तीस मिनिटांचा. शाळा इंग्रजी मीडियमची, पोरांच्या घरी कोकणी, मराठी, थोडी हिंदी. पहिली टर्म पुस्तकाप्रमाणे घेतली: रंग, आकडे, क्रियापदं. पोरं एक ते वीस गाण्यासारखं म्हणतात, पण मधलाच सात विचारला तर एकपासून सुरू करून तिथपर्यंत येतात. म्हणून तिला यंदा संस्कृती आणि विज्ञानाच्या प्रोजेक्टमधून शिकवायचंय. पण ईव्हीएसची, म्हणजे परिसर अभ्यासाची टीचर म्हणते माझ्या पोर्शनला हात लावू नको, प्रिन्सिपलना सोंब्रेरो टोप्या आणि नाच असलेला मोठा ‘स्पॅनिश डे’ हवाय, पालकांमधले काही सर्टिफिकेट कधी विचारतात, काही म्हणतात पोर्तुगीज का नाही, तर काही म्हणतात धड मराठी वाचता येत नाही आणि हे कशाला. तिला स्वतःला वाटतं की आधी ग्रामर व्हायला हवं, भाषाच आली नाही तर प्रोजेक्ट करणार कशात, आणि मी तर स्पेन पाहिलेलंसुद्धा नाही. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या सुट्टीआधी एका पोराने विचारलं, “टीचर, माटोळीला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?” माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळं. तिला उत्तर आलं नाही, तिने विषय बदलला, आणि ते तिला अजून खातंय. सोडून देऊ का, असं शेवटी विचारलंय.

बाय,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या सातच्या आकड्यापाशी थांबले. पस्तीस वर्षं प्राथमिकला काढली आहेत मी, आणि एकपासून मोजत सातला पोचणारं पोर मला चांगलं माहितीये, ते पाढ्यांचंही तसंच असतं. त्याला सात माहीत नसतो, त्याला गाणं माहीत असतं. कारण सात त्याला कधी लागलाच नाही. दुकानात जाऊन सात पाव आण म्हटलं असतं तर आला असता ना, तेव्हा गडबड पोरात नाही आणि तुझ्या स्पॅनिशमध्येही नाही.

आता तू म्हणतेस आधी भाषा, मग प्रोजेक्ट. हे मला जरा तपासून बघायचंय. तू कोकणी अशी शिकलीस का गो? आधी क्रियापदं पाठ केलीस आणि मग आईकडे जेवण मागितलंस? साधा हिशेब बघ, आठवड्याला दोन तास, पस्तीस मिनिटांचे, सुट्ट्या, फेस्तं, परीक्षा वगळून वर्षात तीसेक आठवडे हातात येतात, म्हणजे सगळे मिळून पस्तीस तास. वर्षभराचे! एवढ्यात ग्रामर ‘पूर्ण’ होणार नाही, तिसरीच्या पोराचं तर नाहीच नाही, आणि तू ते पूर्ण व्हायची वाट बघत बसलीस तर प्रोजेक्ट कधीच येणार नाही. तेव्हा आधी काय आणि मग काय हा वाद सोडून दे. या पस्तीस तासांत पोराला कुठली दहा-बारा वाक्यं खरोखर लागतील आणि ती लागावीत असं काम मी त्याच्या हातात कुठलं देऊ, याचा विचार कर.

आणि प्रोजेक्ट म्हणजे काय तेही ठरवून घेऊया, कारण तुझ्या पत्रात मला चार्टपेपरचा वास येतोय. स्पेनचा झेंडा थर्माकोलवर, खाली इंग्रजीत पाच ओळी, रात्री अकरा वाजता बाबांनी चिकटवलेला. ते पालकांचं हस्तकौशल्य झालं. ज्या कामात स्पॅनिश काढून टाकलं तरी काम तसंच पुरं होतं, ते स्पॅनिशचं प्रोजेक्टच नव्हे.

बाकी मी काही साधू नाही हं. एकदा गॅदरिंगला मीच पोरींना लाल झालरींचे फ्लामेंकोचे फ्रॉक घातले होते आणि मुलांच्या डोक्यावर पुठ्ठ्याचे सोंब्रेरो. फोटो मस्त आले. नंतर कळलं की फ्लामेंको दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाचं आणि ती रुंद टोपी मेक्सिकोची, मध्ये अख्खा अटलांटिक समुद्र! म्हणजे कोणीतरी देखणीच्या नाचाला पंजाबी पगडी घालून ‘इंडियन डान्स’ म्हणावं तसं. स्पॅनिश वीस देशांची अधिकृत भाषा आहे, त्यातला स्पेन एक, तेव्हा ‘स्पॅनिश संस्कृती’ अशी एकच पिशवी नाहीये. आणि तू स्पेन पाहिला नाहीस त्याचं काय एवढं, उरलेले एकोणीस तरी स्पेनला जाऊन आलेल्यांपैकी किती जणांनी पाहिलेत?

आता मुद्द्याचं. तुझी पोरं स्पॅनिशकडे इंग्रजीच्या दारातून चालली आहेत, आणि ते दार नेमकं लांबचं आहे. ‘आय लाइक मँगो’ हे स्पॅनिशमध्ये घालायला गेलं की पोर हमखास ‘यो गुस्तो’ म्हणतं आणि चुकतं. पण घरी ते काय म्हणतं? ‘म्हाका आंबो आवडटा’. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’. मे म्हणजे म्हाका, मराठीत मला. आंबे अनेक झाले की आपण ‘आवडटात’ म्हणतो, ते ‘गुस्तान’ म्हणतात, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. क्रियापद आंब्याच्या मागून जातं, माझ्या नाही. इंग्रजीतून हे समजवायला तुला दोन तास लागतील आणि तरी अर्ध्यांच्या डोक्यावरून जाईल, कोकणीतून मराठीतून फळ्यावर एक ओळ. तसंच बघ, काळा, काळी, काळे हे आपल्याकडे आहेच, त्यामुळे नेग्रो, नेग्रा ऐकून आपलं पोर दचकत नाही, आपली तर तीन लिंगं, त्यांची दोनच. तू आणि तुम्ही म्हणजे तू आणि उस्तेद. त, द आपले दाताला जीभ लावून, त्यांचेही तसेच. मला तर वाटतं गोव्यातल्या पोराचं तोंड स्पॅनिशसाठी अर्धं तयारच असतं, आपणच ते इंग्रजीने बंद करून ठेवतो. एकच ‘र’चा प्रकार जड जाईल, तिथे खेळ घे: पेरू देश, ‘पेरो’ म्हणजे पण, आणि जोरात घोळवलेला ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा. आपला खायचा पेरू वेगळाच, तो ‘ग्वायाबा’. पोरं आठवडाभर हसतील.

शाळा इंग्रजी मीडियमची आहे म्हणून वर्गात कोकणी-मराठी बोललं तर वर कोणी ओरडेल अशी भीती असेल तुला, ती मी समजू शकते. प्रिन्सिपलना आधीच सांगून ठेव की तुलना म्हणून वापरतेय. आणि जे पालक म्हणतात धड मराठी येत नाही, त्यांना हाच फळा दाखव. त्यांचं म्हणणं अगदी खोटं नाहीये. स्पॅनिशच्या तासाला पोर आपल्याच भाषेचं नीट बघायला लागलं तर त्यांची निम्मी तक्रार तिथेच संपते, आणि नाही संपली तर ऐकून घे, वाद घालू नको.

ईव्हीएसच्या टीचरचं काय करायचं? तिच्या जागी मी असते तर मीही रागावले असते, आधीच पोर्शन संपत नसतो. तिचा तास मागू नको. तिने गेल्या महिन्यात काय शिकवलं तेवढं विचार आणि तेच तू पुन्हा घे. मी एक नियम पाळायचे, विज्ञान माहितीतलं तर शब्द नवे, आणि गोष्ट नवी परक्या देशाची असेल तर शब्द ओळखीचे. दोन्ही नवीन एकदम दिलं की पोर बाकावर डोकं टेकतं. तिने बी रुजवायला शिकवलंय ना, मग तुला कोंब म्हणजे काय हे समजवावं लागत नाही, फक्त सेमिया म्हणजे बी आणि राईस म्हणजे मूळ. आणि तिची उजळणी फुकटात होते, हे तिला कळलं की ती स्वतःच येऊन विचारेल पुढच्या महिन्यात काय घेतेयस.

सुरुवात अगदी छोट्याने कर. एक बादली पाणी आणि दोन संत्री. संत्रं म्हणजे ‘नारांखा’, तो ख जरा घशातून, खाकरल्यासारखा. पोरांना विचार हा शब्द कशासारखा वाटतो, कोणीतरी म्हणेलच नारिंगी. आणि ते बरोबर आहे! संस्कृतातला नारंग इराण, अरबस्तान करत स्पेनला पोचला. साखरेचं तसंच, शर्करा फिरत फिरत तिकडे आसूकार झाली. तर आता सालासकट संत्रं पाण्यात टाकायचं. टाकण्याआधी प्रत्येकाने बोलायचं: ‘क्रेओ के फ्लोता’, मला वाटतं तरंगेल, किंवा ‘क्रेओ के से उंदे’, मला वाटतं बुडेल. अंदाज बोलल्याशिवाय टाकायला मिळणार नाही. सालीत हवा असते म्हणून ते तरंगतं. मग सोलून टाकायचं, बुडतं, आणि वर्ग किंचाळतो. मग खोबऱ्याचा तुकडा, लिंबू, चावी, पेन्सिल, डब्यातली काकडी. पस्तीस मिनिटांत एकेक पोर ते वाक्य दहा वेळा म्हणतं आणि कोणालाच आपण ड्रिल केलं असं वाटत नाही. ‘क्रेओ के’ पुढे वर्षभर उपयोगी पडतं, आणि ‘मला वाटतं’ म्हणायला शिकणं हे निम्मं विज्ञान आहे असं माझं आपलं मत.

दुसरं पावसाचं. गोव्यातला पाऊस आणि आकडे शिकवायला पुस्तक उघडायचं म्हणजे कमालच झाली. होंडुरास नावाचा देश आहे मध्य अमेरिकेत, त्यातलं सान पेद्रो सुला हे शहर नकाशावर बघ, आपल्या पणजीच्या जवळजवळ त्याच अक्षांशावर आहे, साडेपंधरा अंशांच्या आसपास. म्हणजे पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाचं आपलं शेजारी. आपल्याकडे सकाळचे आठ वाजतात तेव्हा तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ. पोरांना हे सांगितलं की ती दहा मिनिटं नुसती ‘म्हणजे तिथली पोरं आत्ता झोपायला चालली?’ यावरच बोलतात, बोलू दे. प्लॅस्टिकच्या सरळ बाटलीचं तोंड कापून पर्जन्यमापक कर, पट्टी चिकटव, शाळेच्या गच्चीवर ठेव. रोज एकाची पाळी. ‘ओय युएबे’ आज पाऊस, ‘ओय आय सोल’ आज ऊन, ‘आसे कालोर’ गरम होतंय. आणि मापलेला आकडा स्पॅनिशमध्ये. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो, तेव्हा वीसवर थांबून चालतच नाही, जुलैत पोराला साठ, ऐंशी, शंभर लागतातच. आता सात विचार बघू, एकपासून मोजणार नाही. सान पेद्रो सुलाचं हवामान फोनवर बघून शेजारच्या रकान्यात लिहायचं. बास, एवढंच, वही एक, रकाने दोन, आणि चार महिने चालू. शून्य सावलीचाही प्रयोग आहे, आपल्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या दहाच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पण मेमध्ये शाळा नसते आणि ऑगस्टमध्ये सूर्य नसतो, तेव्हा ते सुट्टीत घरी करायला दे.

मग चवथ. तुझ्या त्या पोराने तुला अख्ख्या वर्षाचा प्रोजेक्ट एका प्रश्नात दिला आणि तू विषय बदललास गो! माटोळी म्हणजे काय असते? गणपतीच्या वर टांगलेली फळं, रानातली, परसातली, बाजारातली, प्रत्येकाचं नाव आजीला माहीत. आता त्यातलं काय काय जहाजातून आलं ते बघ. अननस, पेरू, पपई, सीताफळ, लाल भोपळा, ही सगळी अमेरिका खंडाची मंडळी, चार-पाचशे वर्षांपूर्वी तिकडून निघालेली. पिन्या, ग्वायाबा, पापाया, आनोना, कालाबासा. नारळ, सुपारी, केळं, हळदीचं पान ही आपल्या बाजूची. माटोळीतलं तोरंजन बघ, स्पॅनिशमध्ये त्याच्या भावकीतल्या फळाला तोरोंखा म्हणतात, कानाला लगेच लागतं. वर्गात दोरी बांधायची, पोरांनी आणलेलं फळ टांगताना दोनच वाक्यं, ‘एस दे आकी’ इथलं, ‘एस दे आया’ तिथलं. आधी अंदाज, ‘क्रेओ के’ आहेच. पोरं मिरचीवर भांडतील. जीआय मानांकन मिळालेली आपली खोलाची मिरची तिथलीच कशी, ती तर काणकोणची! तिची पूर्वजही अमेरिकेचीच, हे पटवायला तुला वेळ लागेल, मोठ्या माणसांनाही लागतो. काजूचं तर विचारूच नको, ब्राझीलमधून पोर्तुगीजांनी आणला आणि आज गोवा म्हटलं की काजू. त्याचं नाव स्पेनमध्ये आनाकार्दो, मध्य अमेरिकेत मारान्योन, दोन्ही सांग, म्हणजे एका फळाला देशागणिक नाव बदलतं हे कळेल. बटाटा तर घरचाच गोंधळ आहे, आपला शब्द पोर्तुगीजांचा, स्पेनमध्ये पाताता, पेरू देशात जिथे तो मूळ पिकला तिथे पापा, आणि स्पॅनिशमध्ये ‘बाताता’ म्हटलं तर समोर रताळं येईल.

कॅथलिक घरातल्या, मुसलमान घरातल्या पोरांच्या हातातही फळ असू दे, दोरी वर्गाची आहे, पूजा नाही, हे आधीच स्पष्ट केलंस तर कोणाला अवघडल्यासारखं होत नाही.

आणि इथेच पोर्तुगीजवाल्या पालकांना कामाला लाव. हायस्कुलात पोर्तुगीज आणि फ्रेंच घेतातच, तेव्हा त्यांचा प्रश्न वावगा नाही. आजी-आजोबांकडून पाच शब्द आणायला सांग: मेज, कुलेर, जनेल, साबण, चावी. स्पॅनिशमध्ये मेसा, कुचारा, बेंताना, खाबोन, यावे. काही चुलत भाऊ लगेच ओळखू येतात, जनेल मात्र बेंतानाला ओळखच देत नाही. फक्त एक जप. ज्या घरात कोणी मुक्तिलढ्यात तुरुंगात गेलेलं आहे तिथे पोर्तुगीज शब्दांचं कौतुक सगळ्यांना गोड लागेलच असं नाही, आणि का लागावं? तिकडे अमेरिकेतही मका आणि मिरची काही प्रेमाने भेट म्हणून निघाली नव्हती. आठ वर्षांच्या पोराला ‘तिथल्या लोकांचं राज्य हिसकावून घेतलं’ एवढं एका वाक्यात सांगता येतं, सांगावं. नुसतं ‘वास्को द गामा शूर खलाशी’ नको बाई.

नोव्हेंबरचं मला जास्त बोलायचंय, कारण तिथेच लोक घसरतात. मेक्सिकोचा दिया दे मुएर्तोस, मेलेल्यांचा दिवस, एक आणि दोन नोव्हेंबरला. शाळांना तो सापडला की तोंडं कवट्यांसारखी रंगवतात आणि हॅलोवीन करून टाकतात. तसं करू नको. तिकडे घरात गेलेल्या माणसासाठी मांडणी करतात, त्याला ओफ्रेंदा म्हणतात, फोटो, मेणबत्ती, त्याच्या आवडीचं खाणं, आणि झेंडू, ढीगभर झेंडू. ऐकून काही आठवतंय? आपल्याकडे म्हाळाला त्या माणसाच्या आवडीचं पान वाढतात, कॅथलिक घरं दोन नोव्हेंबरला सिमितेरीत जाऊन फुलं आणि मेणबत्त्या ठेवतात. पोरांना आधी विचार तुमच्याकडे काय करतात, मग मेक्सिको सांग, उलट नको. आणि ज्या पोराच्या घरी त्या वर्षी कोणी गेलंय ते आधी माहीत करून घे, त्याच्या आईला फोन कर, त्या पोराला बोलायचं असेल तरच बोलू दे. माझ्या वर्गात एकदा एक मुलगी मुकाट उठून बाहेर गेली होती, मला कारण दुसऱ्या दिवशी कळलं. ते मी अजून विसरले नाही.

आता झेंडू. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. तिकडे त्याला सेंपासूचिल म्हणतात, नाहुआत्ल भाषेतला शब्द, अर्थ वीस फुलं. वीस! मग मोजूया की. एकेका पोराला एक झेंडू, पाकळ्या काढत स्पॅनिशमध्ये मोजायचं. वीसवर थांबत नाही हे सगळ्यांना कळतं. आणि काढलेल्या पाकळीच्या टोकाला बारीक काळपट काडी दिसली की सांग, ही पाकळी नुसती पाकळी नाही, हे एक अख्खं फूल आहे आणि ती काडी म्हणजे त्याचं बी होणार, म्हणजे आपल्या हातात फूल नव्हतंच, फुलांचा गुच्छ होता. नाव ठेवणाऱ्यांनी बघूनच ठेवलं होतं. ईव्हीएसच्या टीचरला या तासाला बोलाव.

त्याच दिवसांत मेक्सिकोच्या मिचोआकानच्या डोंगरात मोनार्क फुलपाखरं पोचतात, कॅनडा-अमेरिकेतून निघून, काही तर चार हजार किलोमीटर उडून, आणि तिथले लोक मानतात की गेलेल्यांचे आत्मेच परत आले. आपल्याकडे कावळा, तिकडे फुलपाखरू. ती थंडीत कुठे जातात हे विज्ञानाला १९७५ साली सापडलं, डोंगरातल्या गावकऱ्यांना अर्थात आधीपासून माहीत होतं. आणि मोनार्कची सख्खी बहीण शोभेल असं फुलपाखरू तुझ्या शाळेच्या कुंपणावर आहे: प्लेन टायगर, केशरी, कडेला काळं-पांढरं. मोनार्कची अळी ज्या झाडाचा चीक पिऊन विषारी होते, त्याच कुळातलं आपलं रुईचं झाड, शनिवारी मारुतीला पानं घालतात ते. प्लेन टायगरची अळी रुईवर वाढते, अंगावर काळे-पिवळे-पांढरे पट्टे, पक्षी एकदा चाखतो आणि परत वाटेला जात नाही. पाऊस ओसरल्यावर रुईची पानं उलटी करून बघायची. उएबो म्हणजे अंडं, ओरूगा अळी, क्रिसालिदा कोश, मारिपोसा फुलपाखरू, तीन-चार आठवड्यांत चक्र पुरं. ‘ला ओरूगा कोमे ला ओखा’, अळी पान खाते. रोज बघायचं आणि रोज तेच वाक्य, कारण अळी रोज तेच करते! रुईचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, तेव्हा पान तोडायचं काम तुझं, पोरांनी फक्त बघायचं, आणि हात धुऊनच वर्गात.

डिसेंबरला सायबाचं फेस्त येतं. गोंयचो सायब फ्रान्सिस झेवियर १५०६ साली जन्मला तो आजच्या स्पेनमधल्या नावारा भागात, हाविएर नावाच्या वाड्यात, म्हणजे झेवियर हे मुळात त्या गावाचं नाव. एक तास त्यावर. वर्गात दोन-तीन झेवियर असतीलच, खूष होतील.

जमलं तर सगळ्यांना पणजीला गार्सिया द ओर्ता गार्डनमध्ये ने. हा ओर्ता पोर्तुगीज वैद्य, त्याने गोव्यात बसून आपल्या झाडा-औषधांवर लिहिलेलं पुस्तक १५६३ साली इथेच छापलं, आणि ते अख्खं सवाल-जबाबात आहे, एक जण विचारतो, दुसरा सांगतो. त्याच्यावर बेतून क्रिस्तोबाल आकोस्ताने १५७८ साली बुर्गोसला स्पॅनिशमध्ये पुस्तक काढलं. पोरांनीही तसंच करायचं, एकाने झाडाला हात लावून ‘के एस एस्तो?’ विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. आपली झाडं स्पॅनिशमध्ये सांगायचं काम साडेचारशे वर्षांपूर्वी कोणी करून बसलंय, तेव्हा तू काही वेडेपणा करत नाहीयेस.

हे सगळं एका वर्षात करू नको हां. मी लिहीत सुटले. एका टर्मला एक मोठं आणि एक छोटं, पावसाची वही आणि माटोळी, किंवा संत्रं आणि अळी. पोरं कंटाळण्याआधी तू कंटाळशील, ती तेच तेच प्रेमाने करतात.

प्रिन्सिपलच्या स्पॅनिश डेला नाही म्हणू नको, नोकरी आहे. त्यांना हवेत फोटो आणि पालकांची गर्दी, दोन्ही मिळू दे. स्टेजऐवजी वर्गात टेबलं मांड, एकेका टेबलावर दोन पोरं, पालक आले की पोर त्यांना स्पॅनिशमध्ये विचारणार, फ्लोता की से उंदे? आईने अंदाज बोलल्याशिवाय संत्रं टाकायचं नाही, पोरं आईला ‘क्रेओ के’ शिकवतील तेव्हा फोटो टोप्यांपेक्षा बरे येतील. एखादा नाच हवाच असेल तर एकाच देशाचा, नीट नाव लिहून. सर्टिफिकेटवाल्यांना सरळ सांग की शाळकरी मुलांची डेले एस्कोलार परीक्षा अकरा ते सतरा वर्षांच्या पोरांसाठी आहे, तेव्हा आत्ता घाई नाही. आणि हेही सांग की आठवड्याला दोन तासांत कोणी फाडफाड बोलणार नाही. शाळेच्या माहितीपत्रकात काहीही छापलेलं असू दे, तू खोटं बोलू नको, टर्मच्या शेवटी प्रत्येक पोराचं दोन मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून त्यांना ऐकव. मार्क मागतील, तर त्यावरच दे.

तुझ्या स्वतःच्या स्पॅनिशबद्दल: बी-वनला तिसरीचा वर्ग आरामात पेलतो. उच्चारासाठी तासाला एखादा छोटा ऑडिओ तिथल्या माणसाचा लाव, आणि स्पेनमधला ‘थ’सारखा सी-झेडचा उच्चार घ्यायचा की लॅटिन अमेरिकेतला ‘स’, ते एकदा ठरवून टाक, मी वर सगळीकडे ‘स’ लिहिलाय. पोरांना सांगायचं की तिकडे दोन्ही चालतं, जशी पेडण्याची कोकणी आणि सासष्टीची. पोराने विचारलेलं आलं नाही तर वर्गातच फोन काढून शोध, त्यांच्यासमोर. टीचरला येत नाही आणि ती शोधते, हे पोरांनी बघितलेलं चांगलं असतं.

सोडायचं की नाही ते मी सांगणार नाही, पण ज्या वर्गातलं पोर सुट्टीच्या आदल्या दिवशी असा प्रश्न विचारतं तो वर्ग मी तरी सोडला नसता.

आणि त्याचं उत्तर राहिलंच की. माटोळीला स्पॅनिशमध्ये माटोळीच म्हणायचं. त्यांनी पाएल्या म्हणून भाताचं नाव आपल्याला दिलं तेव्हा भाषांतर करून दिलं होतं का? सुट्टीनंतर पहिल्या तासाला त्या पोराला पुढे बोलव, फळ्यावर माटोळीचं चित्र काढायला लाव आणि म्हण, ‘एस्तो एस ला माटोळी’. मग वर्गाला विचार, ‘के आय एन ला माटोळी?’, काय काय आहे माटोळीत, आणि बोट वर. ‘ला’ की ‘एल’ यावर पोरांचं मतदान घे. माझं मत ला.